दोन मोठ्या माणसांचं कार्ड

अल हिलाल, दोहा
शुक्रवार, २ जानेवारी २००९

प्रिय ईशू,

जैतूनमावशीचा हारिस परवा मँचेस्टरला परत निघतोय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि लसणीची चटणी दिली आहे, आणि हे पाकीट. चटणीला चार पिशव्या घातल्यात, तरी त्याच्या कपड्यांना वास लागणारच, तेव्हा त्याला एकदा जेवायला बोलाव. पाकीट मात्र त्याच्यासमोर फोडू नकोस. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलंय. शाळेत असताना जेवणाच्या टेबलावर बसवून तुझ्याकडून धडे वाचून घ्यायचे, तेव्हा किती कुरकुर करायचीस! आज त्याचा उपयोग होईल. दार लावून बस आणि मधलं काही न गाळता शेवटपर्यंत वाच. हे फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. नसतं आलं. फोनवर तू "आई, प्लीज, काम डाउन" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं.

आज सकाळी समोरच्या कतरी शेजाऱ्यांनी त्यांची कॅरॅव्हॅन बाहेर काढली. आठवतं ना, दर थंडीत ते गालिचे, कोळशाची पोती आणि चहाच्या किटल्या भरून वाळवंटात तळ ठोकायला जातात, आणि तू फाटकात उभी राहून आपण कधी जायचं म्हणून विचारायचीस. त्यांच्या ड्रायव्हरनं दार उघडून शेगडी पेटवून बघितली. गॅसचा आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या गाद्यांचा असा एक वास असतो, तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मी कणीक तशीच टाकून खुर्चीत बसले. आमच्या स्पेनमधल्या मोटरहोमला हाच वास होता. त्या सहलीबद्दल तू आणि मी पाच वर्षांत कधी बोललो नाही. त्या सहलीत असताना माझी आई गेली आणि मला कोणी सांगितलं नाही. एवढं तुला माहीत आहे. याहून किती माहीत आहे, ते मी कधी विचारलं नाही.

यंदाचं कॅम्पिंगचं कार्डही आलंय. बाबांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये दर डिसेंबरला येतं, बाबा ते आणून डायनिंग टेबलावर ठेवतात, मी उचलून स्वयंपाकघरातल्या खणात टाकते. रबरबँड आणि जुन्या बॅटऱ्यांच्या खाली आता गठ्ठा झालाय त्यांचा. बाबा दर वर्षी नेमानं नवं मागवतात. या वर्षी तरी जाऊ या, असं तोंडानं म्हणत नाहीत, कार्ड ठेवून जातात. मीही नाही म्हणत नाही, खण लावून घेते. असा आमचा संसार चाललाय.

हे कार्ड पहिल्यांदा आणलं ते हेंकनं. बाबांच्या ऑफिसातला तो उंच डच माणूस, तुझ्या वाढदिवसाला लाकडी बूट घेऊन आला होता तो. त्यानं सांगितलं, युरोपातली निवृत्त माणसं थंडी सुरू झाली की घरासारखी गाडी घेऊन दक्षिणेला उतरतात. उन्हाळ्यात तिथली कॅम्पिंगची मैदानं भरून वाहतात, हिवाळ्यात ओस पडतात, म्हणून त्यांनी हे सवलतीचं कार्ड काढलंय. कार्डाबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं, त्यात कार्ड चालणाऱ्या सगळ्या जागा. गेटवर कार्ड दाखवायचं की एकच ठरलेला दर, त्यात गाडीला जागा, वीज, गरम पाणी आणि दोन मोठी माणसं. वर एक कुत्राही फुकट. आपल्याकडं कुत्रा नाही याची मला खरोखर हळहळ वाटली होती. तुला तुझी आई माहीत आहे. सूक वाकिफच्या बाजारात मसाल्यांच्या भावासाठी मी भर उन्हात उभी राहायची. पण इथं घासाघीस न करता, कोणाचं तोंड न बघता सवलत मिळत होती. ते पुस्तक मी बाजूला खुणा करकरून इतकं वाचलं की बाबा म्हणायचे, आता परीक्षाच देऊन टाक.

तोवरची आमची प्रत्येक रजा नाशिकला गेली होती. गल्फमधल्या माणसाची रजा ही त्याची नसतेच, ती घरच्यांची. दोन बॅगा भरून निडोची दूध पावडर, टँग, परफ्यूम, कोणाचं ब्लडप्रेशरचं मशीन, कोणाचा मिक्सर. त्या वर्षी बाबांना उन्हाळ्याची रजा मिळाली नाही, ती थंडीत घ्या नाहीतर जाईल असं ऑफिसनं सांगितलं. तुझी शाळा होती, आणि तू तर खूशच होतीस जैतूनमावशीकडं राहायला, हारिसचा कॉम्प्युटर होता ना तिकडं. मी फोनवर आईला भीत भीत विचारलं, की या खेपेला आलो नाही तर चालेल का, आम्ही दोघं स्पेनला जावं म्हणतोय. ती हसली. म्हणाली, जा गं, मी कुठं पळून जातेय? या वाक्यावर मी गेले, ईशू. तिनं परवानगी दिली नसती तर मी विमानात पाय ठेवला नसता.

आणि खरं सांगते, पहिले दहा-बारा दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. मालागाला भाड्याची गाडी ताब्यात घेतली. आत दोन शेगड्या, एवढासा ओटा, वर गादी, खाली सांडपाण्याची टाकी, आणि ती रिकामी करायचं काम अर्थात बाबांचं. नाकाला रुमाल बांधून नळी धरायचे, आणि मी खिडकीतून सूचना द्यायची. डिसेंबरात ऊन असं कोवळं, की कतारमध्ये आपण ज्याला थंडी म्हणतो तसं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांची झाडं लगडलेली. मी प्रेशर कुकर बरोबर नेला होता. शिटी झाली की शेजारच्या गाड्यांतले म्हातारे दचकून बाहेर यायचे. संध्याकाळी सगळी जर्मन, डच मंडळी लोखंडी गोळे फेकायचा खेळ मांडायची आणि बाबांना हाक मारायची. पण बाबा एका जागी टिकणारे नव्हेत. सकाळी चहा झाला की त्यांची चुळबुळ सुरू, पुढचं गाव, पुढचा किल्ला. मी म्हणायचे, अहो, एखादा दिवस बसू या ना समुद्र बघत. तर म्हणायचे, समुद्र दोह्यात नाही का?

प्रत्येक गेटवरची गंमत मला अजून आठवते. रिसेप्शनची मुलगी कार्ड हातात घ्यायची, आधी बाबांकडं बघायची, मग माझ्याकडं, दोन बोटं वर करायची आणि विचारायची, दोस आदुल्तोस? दोन मोठी माणसं? मीही दोन बोटं वर करून जोरात म्हणायची, दोस आदुल्तोस! मला ते फार आवडायचं. आपल्याकडं मी कोणाची तरी बायको, कोणाची आई, कोणाची सून. कतारच्या कागदावरही मी बाबांच्या स्पॉन्सरशिपवर. तिथं मी नुसती एक मोठं माणूस होते. एक गाडी, दोन मोठी माणसं, एवढाच हिशेब.

नाताळच्या एक-दोन दिवस आधी आम्ही समुद्राकाठच्या एका छोट्या गावाबाहेर थांबलो. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. सकाळी बाबा बिल भरायला म्हणून रिसेप्शनला गेले ते बऱ्याच वेळानं आले, हातात कार्ड हलवत. म्हणाले, सरोज, तुझ्या कार्डाची कमाल आहे. इथं सात रात्री राहिलं तर एक रात्र फुकट. राहायचं का? मी त्यांच्याकडं बघतच राहिले. माझ्या कार्डावर वर्षभर हसणारा माणूस, एका जागी बूड न टेकणारा माणूस, मला म्हणतो राहायचं का? मला वाटलं, इतक्या वर्षांनी यांना माझ्या मनातलं कळलं. मी आनंदानं त्यांचा हात धरला. पुढं त्यांनी ऑफिसला कळवून रजाही वाढवून घेतली, विमानाची तिकिटं पुढं ढकलली, आणि पहिले सात दिवस संपल्यावर आणखी सात घेतले. मी प्रत्येक वेळी खूश झाले. ईशू, कोणी केसानं गळा कापतं म्हणजे काय, ते मला त्या खूश होण्यातून कळलं. त्यांना मला तिथं अडकवून ठेवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी माझ्याच आवडीची वस्तू वापरली. दुसरं काहीही वापरलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं.

तिथल्या पहिल्याच शुक्रवारी मला नेहमीप्रमाणं नाशिकला फोन करायचा होता. माझा शुक्रवारचा फोन कधी चुकला नव्हता हे तुला माहीत आहे; तुला ताप असला तरी तुला मांडीवर घेऊन मी फोन लावायची. रिसेप्शनच्या बाजूला फोनचं खोकं होतं. बाबा म्हणाले, बंद पडलाय, मी आत्ताच बघून आलो. मी म्हटलं, मग तुमचा मोबाइल द्या. म्हणाले, चार्ज नाही. संध्याकाळी बघते तर त्या खोक्यात एक जर्मन आजोबा उभे राहून बोलतायत, चांगले खिदळतायत. मी धावत बाबांकडं आले. ते म्हणाले, आत्ताच सुरू झाला असेल, पण आता तिकडं झोपायची वेळ झाली, उद्या कर. मी म्हटलं, बरं, उद्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाडीतल्या डच आजी केक घेऊन आल्या. आदले तीन-चार दिवस नुसत्या हात हलवायच्या, त्या दिवशी आत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरून ठेवले. मला वाटलं, यांच्यात नाताळनंतर असं करत असतील. मी त्यांना चिवडा दिला. त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळे पुसले, तर मी म्हटलं, तिखट लागला का? पाणी दिलं. नंतर कळलं, बाबांना कोणाजवळ तरी बोलावंसं वाटलं होतं, म्हणून त्यांनी सकाळीच त्यांना सांगितलं होतं. माझी आई गेल्याचं त्या परक्या बाईला माझ्या आधी कळलं. मी तिला चिवड्याची कृती सांगत होते.

त्याच दुपारचा माझा एक फोटो आहे. आपल्या त्या कॅमेऱ्यात फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटायची, तशी नारिंगी आकड्यांत उमटली आहे. गाडीच्या पायरीवर बसून मी संत्रं सोलतेय आणि कशाला तरी तोंड उघडून हसतेय, दात दिसतायत. दोह्यात परत आल्यावर स्टुडिओतून फोटो धुऊन आणले, तोवर मला आईच्या जाण्याची तारीख पाठ झाली होती. मी तो फोटो बाबांच्या समोर धरला आणि विचारलं, हा काढताना तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, होतं. मग काढलात कसा? तर म्हणाले, तू यापुढं बरेच दिवस अशी हसणार नाहीस असं वाटलं, म्हणून काढला. एवढं कळत होतं त्यांना! मी तो फोटो फाडला नाही. फाडला तर त्यांना सुटल्यासारखं वाटेल.

आम्ही परत आलो त्या दिवसाचं तुला आठवत असेलच, पण माझ्या बाजूनं सांगते. विमानतळावर तू मला नेहमीसारखी मिठी मारली नाहीस, ट्रॉली ढकलत पुढं गेलीस. मला वाटलं रुसलीस, दोन आठवडे म्हणून गेलो आणि इतके दिवस लावले. घरी आलो. दार जैतूननं उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर तिचा स्टीलचा मोठा डबा होता. आम्ही रजेवरून आलो की ती बिर्याणी करते, दर वेळी करते, म्हणून मी हसत झाकण उघडलं. आत पिठलं होतं आणि खाली भात. राजापूरकडची ती माझी मैत्रीण. खिम्याचे समोसे, सांदण, काय काय करून घालते, पण जन्मात कधी तिनं पिठलं केलेलं नाही. पिठलं-भात शेजारी कधी आणून देतात, ते मला माहीत होतं. आणि तिनं ते इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना विचारून, शिकून केलं होतं. मी झाकण हातात धरून उभी राहिले. कोण, एवढंच विचारलं. बाबा दारातच थांबले. जैतूनच म्हणाली, अगो सरोज, बस आधी, पानी पी. मग तिनं मला धरलं आणि सांगितलं. तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. माझा नवरा, माझा भाऊ, माझी मैत्रीण, माझी मुलगी, सगळ्यांना माहीत होतं. एका माझ्याशिवाय सगळ्यांनी सुतक पाळलं होतं.

बाबांचं म्हणणं तुला पाठ असेल, कारण ते त्या महिन्यात भिंतीआडून तू ऐकलंसच. नाताळची गर्दी, विमानं भरलेली, गाडी मालागाला परत न्यायची. सरोज, तुला कळलं असतं तरी तू अंत्यविधीला पोचली नसतीस. मग तुला तिथं परक्या देशात रडत बसवून काय मिळालं असतं? इथं आपल्या सगळ्यांची हीच पद्धत आहे. परदेशातल्याला कळवू नका, तो येऊ तर शकत नाही, उगाच जिवाला घोर. किती जणांना असं वागवलेलं मी पाहिलंय, आणि तोवर मलाही ते शहाणपणाचंच वाटायचं. आता विचारते, जिवाला घोर लागायचा तर तो माझा होता ना? माझी आई, माझा घोर. तो हिरावून घेणारे तुम्ही कोण? नाशिकला पोचले तेव्हा तुझ्या मामानं आईच्या साड्यासुद्धा वाटून टाकल्या होत्या. मी रडायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्यांचं रडून झालं होतं. माझ्याबरोबर रडायला कोणी उरलं नव्हतं. सगळे मला समजावत होते.

आणि तू. तुझ्यावर मी रागावले होते, ईशू, पहिल्यांदाच लिहितेय. वर्ष संपलं त्या दिवशी बाबांनी तुला फोन लावून दिला होता. तू म्हणालीस, "हॅपी न्यू इयर आई, हॅव फन." नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. तुला चार दिवस आधी कळलं होतं. जैतूनमावशीनं मला नंतर सांगितलं की फोन ठेवून तू त्यांच्या बाथरूममध्ये कोंडून घेतलंस आणि हारिसनं आणि त्याच्या वडिलांनी, नसरुद्दीनकाकांनी, दार वाजवून वाजवून तुला बाहेर काढलं. तू शाळकरी पोर, मोठ्यांनी गप्प राहा म्हटल्यावर गप्प राहिलीस. डोक्याला हे सगळं पटतं. पण कित्येक दिवस तू मला आई म्हणून हाक मारलीस की मला तेच "हॅव फन" ऐकू यायचं. तुला कळत असावं. त्यानंतर तू माझ्याशी आणखीच इंग्रजी बोलायला लागलीस.

इतकं सगळं होऊनही आम्ही राहिलो. मी बाबांना डबा दिला, त्यांनी दर वर्षी कार्ड मागवलं. आई झटकन गेली, झोपेतच गेली असं सगळे सांगत होते, त्या एका गोष्टीला मी धरून होते. नाहीच भेटता आलं असतं, नाहीच बोलता आलं असतं, असं स्वतःला समजावलं. गेल्या महिन्यात एका दुपारी बाबांनी आपणहून मला सांगितलं. कुठं आणि कशामुळं, ते पुढं येईल. म्हणाले, सरोज, तुझी आई झोपेत गेली नाही. चार दिवस दवाखान्यात होती, शुद्धीवर होती. ज्या सकाळी बाबा कार्ड हलवत आले होते ना, त्या सकाळी तुझ्या मामाचा पहिला फोन आला होता. आणि तो शुक्रवार, ज्या दिवशी खोक्यातला फोन बंद होता, त्या दिवशी त्याच खोक्यातून बाबांनी नाशिकला फोन लावला होता. मामानं दवाखान्यात आईच्या कानाला फोन धरला. आईनं विचारलं, सरोज आहे का जवळ? बाबा म्हणाले, ती आंघोळीला गेलीय. आई म्हणाली, बरं, झाली की कर म्हणावं.

मी समोरच होते, ईशू. गाडीच्या पायरीवर. त्यांनी हाक मारली असती तर मी ओल्या हातानं धावत आले असते. तिला पुरतं बोलता येत नव्हतं म्हणे, मला ते ऐकवलं नसतं, असं बाबा म्हणतात. रडत होते हे सांगताना. मी रडले नाही. त्यांचं पांघरूण नीट केलं, औषधाची गोळी दिली, आणि मनात म्हटलं, हा माणूस मला कधीच कळला नव्हता. तिनं माझी वाट पाहिली असेल. आंघोळीला किती वेळ लागतो? तिला वाटलं असेल, आता येईल, आता येईल. प्रत्येक गेटवर त्या अनोळखी मुली मला मोठं माणूस म्हणून मोजत होत्या, आणि ज्याच्याबरोबर मी संसार केला त्यानं मला लहान मूल ठरवलं, ज्याच्यापासून वाईट बातमी लपवायची असते. त्यांना मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. काळजी मात्र करते. दोन्ही एकदम करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, तसं तीनदा लिहिलंही, आणि कागद फाडले, कारण ते आधी वाचलं असतंस तर मागचं काहीच वाचलं नसतंस. बाबांनी मला ते सगळं सांगितलं तेव्हा ते इथल्या दवाखान्यात पलंगावर होते, छातीत दुखायला लागलं म्हणून नेलं होतं, आणि तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. आता घरी आहेत, साखर आटोक्यात आणायची आहे, आणि मंगळवारी तेरा तारखेला बायपास आहे. सांगून झाल्यावर दुसऱ्याच सकाळी ते मला काय म्हणाले, माहीत आहे? ईशूला परीक्षा होईपर्यंत कळवू नकोस, येऊ तर शकत नाही, उगाच जिवाला घोर. आणि त्याच दुपारी तुझा फोन आला. तू विचारलंस, बाबा कुठंयत? मी म्हटलं, आंघोळीला गेलेत. विचार न करता, सहज, अगदी त्यांच्याच शब्दांत. तू "ओके, लेटर" म्हणालीस आणि फोन ठेवलास, आणि मी दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात मोबाइल हातात घेऊन उभी राहिले. बाबा आंघोळीला गेले नव्हते, ईशू. ते पडद्यापलीकडं होते. तुझी परीक्षा बारा तारखेपासून आहे. ये म्हणत नाही, येऊ नकोस म्हणत नाही. तू एकोणीस वर्षांची आहेस, मोठं माणूस आहेस, तुझं तू ठरव. मी हे लिहिलंय ते बाबांना माहीत नाही, कळलं की चिडतील, चिडू देत. फक्त एवढं कर, हे वाचून झालं की फोन लाव आणि बाबांना माग. मी फोन त्यांच्या हातात देईन. ते खरोखरच आंघोळीला गेलेले असले, तर मी दार वाजवून त्यांना बाहेर बोलवीन.

तुझीच,
आई